मोबाइलची स्क्रीन आणि अ‍ॅप करणाऱ्यांची तारांबळ

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात सभासदांची व्याख्यानमाला झाली. त्यातील एका सभासद भगिनीचे हे भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या विषयाला खरं तर तुम्हीच कारण आहात. मी मोबाइलची अ‍ॅप तयार करण्याच्या कामात आहे हे बिल्डिंगमध्ये कळलं, तेव्हापासून लिफ्टमध्ये, गच्चीवर, भाजीच्या गाडीपाशी मला तीन ठरावीक प्रश्न विचारले जातात. पहिला, हे अ‍ॅप सारखं अपडेट का मागतं? दुसरा, काल इथे असलेलं बटण आज गेलं कुठे? आणि तिसरा, माझ्या सुनेच्या फोनवर जे दिसतं ते माझ्या फोनवर का दिसत नाही? अपडेटला इतरही कारणं असतात, सुरक्षेची असतात. पण या तिन्ही प्रश्नांचं बरंचसं उत्तर एकाच वस्तूत आहे, आणि ती वस्तू म्हणजे फोनची स्क्रीन. ती सारखी बदलते. ती बदलली की आम्हा अ‍ॅपवाल्यांची तारांबळ उडते, आणि आमची तारांबळ उडाली की तिची झळ तुमच्यापैकी काहींना लागते. कोणाला लागते, हेच आज मला सांगायचं आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. दुकानात आपण विचारतो, “स्क्रीन केवढी?” दुकानदार सांगतो, “साडेसहा इंच.” हे माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं, तिरकं. पण स्क्रीनला आणखी एक माप असतं, ते म्हणजे ठिपके. स्क्रीनवरचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक चित्र बारीक ठिपक्यांनी बनलेलं असतं. किती ठिपके रुंद आणि किती ठिपके उंच, त्याला रिझोल्यूशन म्हणतात.

आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी काढतात. समजा, १५ ठिपके १५ ओळी. हीच रांगोळी दोन-दोन बोटं अंतर सोडून काढली तर अर्धं अंगण व्यापते, आणि ठिपके अगदी जवळजवळ दिले तर पाटाखाली मावते. ठिपके तेवढेच, रांगोळी तीच, आकार मात्र वेगळा. मोबाइलचंही तसंच आहे. किती इंच आणि किती ठिपके एवढं कळून भागत नाही. एका इंचात किती ठिपके बसवले आहेत, ती दाटी कळावी लागते. आमचं सगळं दुखणं या दाटीपाशी सुरू होतं.

आपण या इमारतीत राहायला आलो त्या सुमारास कित्येकांच्या हातात नोकियाचा ३३१० होता. त्याची स्क्रीन होती ८४ ठिपके रुंद आणि ४८ ठिपके उंच. सगळे मिळून ४,०३२ ठिपके! त्यावर साप फिरायचा आणि आपण तासन्‌तास खेळायचो. आज सॅमसंगच्या एस २४ अल्ट्रासारख्या फोनवर ३,१२० गुणिले १,४४० ठिपके असतात, म्हणजे जवळपास ४५ लाख. फोन तरीही एका हातात मावतो. पंचवीस वर्षांत हा केवढा पल्ला झाला बघा.

मधल्या काळात रंगीत स्क्रीनचे, जावावर चालणारे फोन आले. कुणाची स्क्रीन १२८ बाय १२८, कुणाची १७६ बाय २०८, कुणाची २४० बाय ३२०. त्या वेळी एखादा खेळ बाजारात आणायचा म्हणजे तो एकदा तयार करून भागत नसे. प्रत्येक मापासाठी त्याची वेगळी आवृत्ती शिवावी लागे, शिंप्यासारखी. त्यासाठीच माणसं नेमलेली असत. दिवसभर तेच काम, बाहुलीचं डोकं चार ठिपके खाली घ्या आणि गुणांचा आकडा सहा ठिपके आत सरकवा.

मग २००७ मध्ये अ‍ॅपलचा पहिला आयफोन आला. साडेतीन इंच, ३२० बाय ४८० ठिपके, एका इंचात १६३. पुढची दोन वर्षं जे आयफोन आले त्यांचं मापही तेच. आयफोनसाठी अ‍ॅप लिहिणाऱ्यांचे ते सुखाचे दिवस. बटण डावीकडून २० ठिपक्यांवर ठेवा, १०० ठिपके रुंद करा, विषय संपला. सगळ्यांच्या फोनवर ते तिथेच दिसणार.

२०१० मध्ये आयफोन ४ आला. स्क्रीन तेवढीच, साडेतीन इंच. ठिपके मात्र दोन्ही बाजूंनी दुप्पट, ६४० बाय ९६०. एका इंचात ३२६. आता हिशेब करा. १०० ठिपके रुंदीचं बटण जुन्या फोनवर ०.६ इंच दिसत होतं. नव्या फोनवर १०० ठिपके म्हणजे फक्त ०.३ इंच. बटण अर्ध्यावर आलं असतं आणि बोटाला सापडलं नसतं. अ‍ॅपलने यावर तोड काढली. अ‍ॅपने ठिपके मोजायचेच नाहीत, ‘पॉइंट’ नावाचं मनातलं एकक मोजायचं. अ‍ॅप म्हणणार, “मला १०० पॉइंट द्या.” जुना फोन १०० ठिपके देणार, नवा फोन २०० देणार. बटण दोन्हीकडे सारखंच.

अक्षरं त्यामुळे आपोआप रेखीव झाली. चित्रांचं तसं होईना. जुनी चित्रं कमी ठिपक्यांची, ती ताणून दाखवली की धुरकट दिसत. मग प्रत्येक अ‍ॅपमधलं प्रत्येक चित्र दुप्पट मापाने पुन्हा काढा. २०१४ मध्ये आयफोन ६ प्लस आला तेव्हा तिप्पट मापाचा संच. त्याआधी २०१२ मध्ये आयफोन ५ आला होता. तो रुंदीला तेवढाच राहिला आणि उंचीला वाढला, ६४० बाय १,१३६. जुनी अ‍ॅप त्यावर उघडली की वर-खाली काळे पट्टे दिसत, जुन्या सतरंजीवर नवा पलंग टाकल्यासारखे. ग्राहक विचारणार, “हे पट्टे कसले?” म्हणून पुन्हा काम.

अँड्रॉइडची गोष्ट आणखी पसरट. तिथे फोन करणारी कंपनी एक नाही, अनेक. प्रत्येकीचं माप वेगळं. म्हणून २००९ च्या १.६ आवृत्तीपासूनच त्यांनी वेगवेगळ्या स्क्रीनची सोय करायला घेतली. त्यांचं एकक असं, की इंचात १६० ठिपके असतील तर एक एकक म्हणजे एक ठिपका. ३२० असतील तर दोन, ४८० असतील तर तीन. त्यासाठी एकाच चित्राच्या चार-पाच मापांच्या प्रती द्यायच्या. अ‍ॅप फोनमध्ये एवढी जागा का खातं, याचं एक कारण ही चित्रंही होती.

इथपर्यंत आमच्या धंद्याने एक धडा शिकून घेतला. ‘बटण डावीकडून २० वर’ असं लिहायचं नाही. ‘बटण मजकुराच्या खाली, दोन्ही बाजूंना सारखी जागा सोडून’ असं लिहायचं. जागा ठरवायची नाही, नातं ठरवायचं. २०१२ मध्ये अ‍ॅपलने आयफोनच्या अ‍ॅपसाठी मांडणीची जी नवी पद्धत दिली तिचं सूत्र हेच होतं. त्याआधी २०१० मध्ये ईथन मार्कॉट या माणसाने वेबसाइटसाठी हाच विचार मांडला होता, की पान एक आणि ते स्क्रीनप्रमाणे आपली मांडणी बदलून घेणारं.

वाटलं, आता सुटलो. पण नाही. २०१७ मध्ये आयफोन १० आला. त्याची स्क्रीन कडेपर्यंत गेली, कोपरे गोल झाले आणि वर मध्यभागी कॅमेऱ्यासाठी खाच आली. आता तुम्हा सर्वांना घराच्या व्यवहारामुळे एक गोष्ट पाठ आहे, बिल्ट-अप वेगळा आणि कार्पेट वेगळा. करारात हजार फूट, आणि सोफा ठेवायला गेलं की साडेसातशे. स्क्रीनचंही तेच झालं. दिसायला स्क्रीन मोठी, पण खाच, गोल कोपरे, वरची वेळेची आणि बॅटरीची पट्टी, खालची बोट सरकवायची रेघ हे सगळं वजा करून जी जागा उरते तीच वापरायची. तिला आमच्यात ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणतात. बटण त्या क्षेत्राबाहेर गेलं की दिसतं पण दाबलं जात नाही, किंवा दाबलं जातं पण दिसत नाही.

२०१९ मध्ये सॅमसंगचा घडीचा फोन आला. मिटलेला असताना बाहेरची स्क्रीन ४.६ इंच, उघडला की आतली ७.३ इंच. म्हणजे अ‍ॅप चालू असतानाच स्क्रीन बदलणार. तुम्ही कधी अनुभवलं असेल, एखादा फॉर्म अर्धा भरला, चुकून फोन आडवा झाला आणि फॉर्म कोरा! अँड्रॉइडवर स्क्रीनचा आकार बदलला की ते पान मुळापासून पुन्हा मांडलं जातं. भरलेली माहिती जपून ठेवायची तजवीज अ‍ॅप करणाऱ्याने केलेली नसेल तर ती जाते. नंतर २०२४ मध्ये अँड्रॉइड १५ ने सांगितलं, यापुढे या आवृत्तीसाठी केलेल्या अ‍ॅपने कडेपासून कडेपर्यंत, अगदी खालच्या बटणांच्या पट्टीमागेसुद्धा, पसरायचं. २०२५ च्या अँड्रॉइड १६ ने सांगितलं, मोठ्या स्क्रीनवर ‘मी फक्त उभाच दिसणार’ असा हट्ट अ‍ॅपने धरायचा नाही. नियम चुकीचे आहेत असं मी म्हणत नाही. पण प्रत्येक नियमामागे चालू अ‍ॅप पुन्हा उसवून शिवावं लागतं. त्यासाठी ग्राहक वेगळे पैसे देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने अ‍ॅपमध्ये नवीन काहीच झालेलं नसतं.

मग या कामात काटकसर कुठे होते? ती तपासणीत होते. बाजारात हजारो प्रकारचे फोन, आणि लहान कंपनीच्या कपाटात दहा-बारा. बाकीचे संगणकावर नकली फोन उभा करून तपासायचे. वेळ कमी असला की जे फोन जास्त खपतात तेवढे बघायचे. आणि तपासणारी मुलं पंचवीस-तीस वर्षांची. त्यांचे फोन नवे, अक्षरं बारीक, भाषा इंग्रजी. त्यांच्या फोनवर सगळं छान दिसतं. ती खोटं बोलत नसतात. त्यांना खरंच छान दिसत असतं.

आता माझा मुद्दा. सभागृहातल्या किती जणांनी फोनमधली अक्षरं मोठी करून घेतली आहेत? हात वर करा. (निम्म्याहून जास्त हात वर.) बघा! आता अँड्रॉइडवर काय होतं ते सांगते. स्क्रीन १,०८० ठिपके रुंद असते. नेहमीच्या मांडणीत अ‍ॅपला ती साधारण ३६० ते ४११ एकक रुंद आहे असं कळतं. सेटिंगमध्ये जाऊन तुम्ही डिस्प्लेचा आकार सर्वांत मोठा केला, की फोन अ‍ॅपला सांगतो, “माझी रुंदी जेमतेम ३२० एकक आहे.” हा ३२० चा आकडा मघाशी आला होता. २००७ च्या पहिल्या आयफोनची रुंदी! म्हणजे मुलाने वाढदिवसाला घेऊन दिलेला साडेसहा इंची फोन आजोबांच्या हातात गेला आणि त्यांनी तो डोळ्यांना सोसेल असा करून घेतला, की अ‍ॅपच्या लेखी त्याची रुंदी त्या जुन्या साडेतीन इंची फोनएवढीच उरते. त्यावर अक्षरांचा आकार वेगळा वाढवला, तोही नव्या अँड्रॉइडवर दुपटीपर्यंत वाढतो, की मजकूर लांबत जातो आणि शेवटचं बटण स्क्रीनच्या खाली ढकललं जातं. पान वर सरकवायची सोय केलेली नसेल तर ते बटण त्या माणसापुरतं अस्तित्वातच नाही.

त्यात आपली मराठी. इंग्रजी ‘पे’ एवढ्याशा जागेत बसतं, ‘देयक भरा’ला दुप्पट जागा लागते. देवनागरीला वर वेलांटी आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय. इंग्रजी अक्षर मनात धरून ओळीची उंची कुणी कायमची ठरवून टाकली की वरून वेलांटी कापली जाते आणि खालून उकार. ‘पुढे’चं ‘पढे’ झालेलं तुम्ही पाहिलं असेल.

हे सगळं हवेतलं नाही. आपल्याच इमारतीतल्या एका काकूंची परवानगी घेऊन सांगते. पंचवीस वर्षांत त्यांचं मेंटेनन्सचं बिल एकदाही उशिरा गेलेलं नाही. बिलं अ‍ॅपवरून भरायची ठरल्यावर त्यांनी ते अ‍ॅप घेतलं. बिल दिसायचं, रक्कम दिसायची, भरायचं बटण दिसायचं नाही. नातू म्हणाला, “आजी, आहे की खाली!” त्याच्या फोनवर होतं. दोघंही खरं बोलत होते. काकूंची अक्षरं मोठी आणि फोनच्या तळाशी तीन बटणांची पट्टी. पैसे भरायचं बटण त्या पट्टीमागे गेलं होतं. “आपल्यालाच जमत नाही” असं वाटून त्या गप्प राहिल्या. दोन महिन्यांनी बिलात व्याजाची ओळ आली आणि फलकावरच्या थकबाकीदारांच्या यादीत त्यांचं नाव लागलं. कमिटीने व्याज माफ केलं, नाव काढलं, त्याबद्दल कमिटीचे आभार. पण आठ दिवस ते नाव तिथे होतं. येता-जाता लोकांनी वाचलं. व्याज शंभर-दीडशे रुपये असेल. त्या आठ दिवसांत काकू खाली बाकावर बसायला आल्या नाहीत, त्याची किंमत कोणत्या रकान्यात लिहायची?

म्हणून माझं पहिलं सांगणं ज्येष्ठांना आहे. बटण दिसत नसेल तर ‘मला कळत नाही’ असं म्हणू नका. ‘अ‍ॅप नीट केलेलं नाही’ असं म्हणा. बऱ्याचदा तेच खरं असतं. बोटाने दाबायची जागा किती मोठी हवी, याचे नियम आमच्या धंद्यात छापील आहेत. अ‍ॅपल ४४ पॉइंट सांगते, गूगल ४८ एकक. ते न पाळणं ही आमची उणीव, तुमच्या वयाची नव्हे.

दुसरं सांगणं घरातल्या मुलांना. आजीच्या हातातून फोन ओढून “दे, मी करतो” म्हणू नका. तिच्या फोनवर काय दिसतं ते आधी बघा. स्क्रीनचा फोटो काढा. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, अक्षरांचा आकार एवढं लिहून अ‍ॅपवाल्यांना पाठवा. नुसतं ‘चालत नाही’ एवढ्यावर आम्हाला काही करता येत नाही. पण ‘अक्षरं सर्वांत मोठी केली की भरायचं बटण दिसत नाही’ अशी एक ओळ आली तर दुरुस्ती कधी कधी अर्ध्या तासाची असते.

तिसरं कमिटीला, नम्रपणे. सोसायटीसाठी कुठलंही अ‍ॅप घेताना विक्रेता त्याच्या नव्या कोऱ्या फोनवर दाखवतो. त्याला म्हणा, तो फोन ठेवा खिशात. चार गोष्टी आपल्या फोनवर करून दाखवा. एक, इमारतीतला सर्वांत लहान आणि जुना फोन घेऊन त्यावर बिल भरा. दोन, अक्षरं आणि डिस्प्ले दोन्ही सर्वांत मोठे करून पुन्हा भरा. तीन, भाषा मराठी करून भरा. चार, तक्रारीचा फॉर्म अर्धा भरून फोन आडवा करा आणि लिहिलेलं टिकतं का बघा. पंधरा मिनिटांचं काम आहे. यात जो नापास होईल त्याला दुरुस्त करून आणायला सांगा. आणि तो पास होईपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, फलकावरची नोटीस आणि ऑफिसबाहेरची चेकची पेटी बंद करू नका.

प्रवेशद्वारापाशी आपण उतार बांधला तेव्हा ‘दोन जणांसाठी एवढा खर्च कशाला’ अशी चर्चा झाली होती. आज त्याच उतारावरून बाळांच्या गाड्या जातात, गॅसचे सिलिंडर जातात, गणपतीची आरास जाते. काकूंच्या फोनवर नीट दिसेल असं जे अ‍ॅप असतं ते घडीच्या फोनवर आणि टॅबवरही नीट दिसतं, कारण ठिपके मोजून नव्हे, तर जागेचा अंदाज घेऊन ते मांडलेलं असतं. स्क्रीन पुढेही बदलतीलच, मोठ्या होतील, दुमडतील. आम्हाला त्याची सवय आहे, आमचं पोट त्यावर आहे. तुमचं नाव त्यापायी यादीत लागायला नको.

येत्या दोन रविवारी सकाळी दहा ते बारा मी सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहे. ज्यांना बटण दिसत नाही त्यांनी फोन घेऊन यावं. चष्माही आणावा. आणि काकूंनी चहा पाठवायचं कबूल केलं आहे.